तळें राखील तो पाणी चाखील

‘तळें राखील तो पाणी चाखील’ ही म्हण आपल्या घरोघरीं आहे. बहुतेक लोक ती थट्टेनें वापरतात. राखणदाराच्या हातीं ठेव दिली कीं त्यांतला घोटभर तो घेणारच, असा तिचा चालू अर्थ. परंतु तळ्याकांठीं जन्म काढलेल्या माणसास विचारा, म्हणजे तो या म्हणीचा सरळ अर्थ सांगेल. जो पाळीवर माती टाकतो, वेळेवर तुडुम उघडतो आणि मिटतो, त्याचा त्या पाण्यावर हक्क आहे. ज्यास तें पाणी चाखावयाचें आहे, त्यानें तें राखलेंहि पाहिजे. हक्क आणि राखण हीं दोन बैलें एकाच जुवास जुंपलेलीं असतात. एक सोडलें कीं गाडा रुततो. आमच्या झाडीपट्टींतील तळ्यांचा गाडा असाच रुतला आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील शेतकरी, ढिवर व कारागीर वाचकांपुढें आज तोच विषय मांडावयाचा आहे.

माघ महिन्यांत नवेगांवबांधाच्या किंवा तशाच एखाद्या तळ्याच्या पाळीवर सकाळीं उभे राहा. ढिवर डोंग्यांत बसून रात्रीं टाकलेलें जाळें ओढीत असतो. पाळीखालीं शेतकरी उन्हाळी धानास पाणी पुरेल कीं नाहीं याचा अंदाज घेत असतो. मध्यावर, हिमालयापलीकडून आलेलीं बदकें थव्याथव्यानें पोहत असतात. दहाचा सुमार झाला कीं मोटारी येतात. शहरची मंडळी उतरतात, नावेंत बसतात, फोटो काढतात, खातात, पितात आणि सांजेला परत जातात. एका पाण्यावर असे चार दावेदार आहेत. यांतला पक्षी बोलत नाहीं. बाकीचे तिघे बोलतात, पण सारख्या आवाजानें नव्हे. ज्याच्या खिशांत पैसा आणि ज्याची कचेरींत ओळख, त्याचा आवाज मोठा ठरतो. मग तळें कोणाचें, हा प्रश्न उभा राहतो.

प्रथम तें बांधलें कोणी, हें पाहूं. या तळ्यांवर कोणा मोठ्या इंजिनिअराचें नांव कोरलेलें नाहीं. कोहळी समाजाच्या लोकांनीं, गोंड राजांच्या उत्तेजनानें, हीं तळीं बांधलीं. जो तळें बांधील त्यास जमीन, अशी त्या राजांची रीत होती. नवेगांवबांधाचें श्रेय परंपरा कोलू पाटील कोहळी याला देते. कोहळ्यास ऊस व धान पिकवावयाचें होतें, त्यास पाणी हवें होतें. त्यानें उतार पाहिला, दोन टेकड्यांमधील खांच हेरली, मातीची पाळ घातली, पाणी सोडण्यास तुडुम ठेवलें आणि जादा पाण्यास सांडवा काढून दिला. वरच्या तळ्याचें सांडलेलें पाणी खालच्या तळ्यांत, त्याचें त्याच्या खालच्यांत, अशी कित्येक ठिकाणीं तळ्यांची माळच ओवली. मोठ्या तळ्यांच्या जोडीला शेतांतल्या लहान बोड्या होत्याच. माजी मालगुजारी म्हणून ओळखलीं जाणारीं अशीं सहा हजारांहून अधिक तळीं पूर्व विदर्भांत आहेत. ज्यांना अडाणी म्हणून हिणवण्यांत आलें, त्यांच्याच हातचें हें काम आहे. शिकलेल्यांनीं त्यापुढें टोपी काढावी.

या तळ्यानें एकट्या शेतकऱ्यास पोसलें असेंहि नाहीं. ढिवर, केवट, भोई यांस त्यानें मासळी व शिंगाडा दिला. कांठच्या चिखलांत आपोआप उगवणारें देवधान ढिवराच्या बायका झोडून आणीत. कुंभारास चिकणमाती मिळाली. सुताराला डोंग्याचें, बुरुडाला टोपल्यांचें व मासे धरण्याच्या सापळ्यांचें, लोहाराला गळाचें काम मिळालें. गुरांना पाणी, धोब्याला घाट आणि पोरांना पोहण्याची जागा त्यानेंच दिली. अठरा पगड जातींचा संसार ज्या एका पाण्याभोंवतीं फिरत होता, त्यास केवळ सिंचनाची टांकी म्हणणें म्हणजे आईस केवळ दुधाची कासंडी म्हणण्यासारखें आहे.

जुना काळ सोन्याचा होता असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. इंग्रजी अमलांत मालगुजार हा गांवचा मालक झाला. तो वेठ घेई, गरिबाच्या पाठीवर पाळीची माती वाहून नेववी, आणि पंगतींत उत्तम मासा पहिल्यानें आपल्या ताटांत पाडून घेई. तरी एक गोष्ट होती. तळ्यावरचा गांवकऱ्यांचा निस्तार हक्क कागदोपत्रीं लिहिलेला होता, आणि तळें फुटलें तर मालगुजाराचें स्वतःचें धान बुडत असे. म्हणून पाळ पाहिली जाई आणि गाळ निघे.

मालगुजारी गेली पाहिजे होती, ती गेली. त्यावेळीं हे जिल्हे मध्यप्रदेशांत होते; तेथील विधिमंडळानें १९५० सालीं कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालकी हक्क नष्ट होऊन तळीं सरकारजमा झालीं. कायदा न्यायाचाच होता. परंतु मालकी मालगुजाराकडून सुटली ती गांवाच्या हातीं न येतां कचेरीच्या हातीं गेली. पुढें १९५६ सालीं हा मुलूख मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. लहान तळीं जिल्हा परिषदेकडे, मोठीं पाटबंधारे खात्याकडे, मासळीची देखरेख मत्स्यव्यवसाय खात्याकडे, जमीन महसुलाकडे, आणि पक्षी-प्राणी वनखात्याकडे, अशी वांटणी झाली. एका गाईच्या चार पायांस चार मालक झाले. चारा कोणी घालावयाचा हें ठरलें नाहीं. ज्या कोहळ्याच्या व कुणब्याच्या बापजाद्यांनीं पाळ घातली, त्यास आतां एक टोपली माती टाकावयाची तर परवानगी काढावी लागते. म्हणून तो टाकीत नाहीं. तळें भरतें तें पाण्यानें नव्हे, गाळानें.

या गाळाविषयीं महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं लिहून ठेविलें आहे. ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकांत त्यांनीं ठिकठिकाणीं ताली, बंधारे व तळीं बांधावींत असें सांगितलें, आणि नदीनाल्यांतला व तलावांतला गाळ शेतकऱ्यांस पूर्वीप्रमाणें फुकट नेऊं द्यावा अशी मागणी केली. ती मागणी महाराष्ट्र सरकारच्या योजनेंत उतरली ती २०१७ सालीं, ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या नांवानें. सव्वाशेंहून अधिक वर्षें लागलीं! योजनेचें आम्ही स्वागत करतों, पण सूचना एवढीच कीं गाळ काढतांना तळ्याचा उथळ कांठ खरडूं नये. यंत्र चालविणाऱ्यास खड्डा खोल झाला म्हणजे काम फत्ते झालें असें वाटतें. परंतु माशाचें पोर वाढतें, पक्षी चरतो आणि देवधान उगवतें तें गुडघाभर पाण्यांतच. मध्यें खोल करा, कांठ उतरता राहूं द्या, आणि कोठपर्यंत खणावयाचें तें ढिवराला व शेतकऱ्याला बरोबर घेऊन ठरवा.

आतां मासळीकडे वळूं. पूर्वी या तळ्यांत मरळ, मागूर, शिंगी, वाम, झिंगे असे नानाविध जलचर होते. त्यांचें बीं कोणी विकत आणीत नसे. पावसाळ्याच्या पहिल्या पुरांत मासे ओढ्यानाल्यांतून वर चढत आणि उथळ गवतांत अंडीं घालीत. मरळ तर आपल्या पोरांची राखण करतो. पुढें उत्पन्न वाढविण्यासाठीं रोहू, कतला व मृगळ हे गंगेकडचे मासे तळ्यांत सोडण्यांत आले. हे मासे वाढतात झपाट्यानें आणि बाजारांत चांगले विकले जातात. पण वाहत्या पाण्यावांचून ते वीत नाहींत. सांठलेल्या तळ्यांत त्यांची वीण होत नाहीं. १९५७ सालीं डॉ. हिरालाल चौधरी यांनीं कटक येथें या माशांस ग्रंथिरस टोंचून अंडीं घालावयास लावण्याची युक्ति यशस्वी केली, तेव्हांपासून बीं कारखान्यांत तयार होऊं लागलें. शोध थोर होता; देशाच्या ताटांत त्यानें मासा आणला. परंतु तळ्याकांठच्या ढिवराला त्यानें दरसाल बीं विकत घेणारा गिऱ्हाईकहि केलें. घरचें बियाणें संपून दुकानचें आणण्याची पाळी शेतकऱ्यावर आली, तीच ढिवरावर आली. बियाण्यासाठीं पैसा हवा, पैशासाठीं व्यापारी हवा, आणि व्यापाऱ्याची उचल घेतली कीं मासा पाण्यांत असतांनाच त्याचा भाव ठरतो. सावकारी पाशाची ही ओल्या पाण्यांतली जात आहे.

त्यांतच चिनी गवत्या मासा तळ्यांत शिरला. त्याचें खाणें पाण्यांतलें गवत. तो वजनानें वाढला खरा. पण गवत गेलें म्हणजे देशी माशांचा पाळणा गेला आणि बदकांचा चारा गेला. कांठावर दक्षिण अमेरिकेंतून आलेली बेशरम माजली. तिला गुरें तोंड लावीत नाहींत. तोडून टाकलेला दांडाहि ओलाव्यांत मूळ धरतो. नांव लोकांनीं अगदीं योग्य ठेविलें! ज्या कांठावर बेशरम दाट झाली, तेथें जाळें टाकतां येत नाहीं, पक्षी उतरत नाहीं आणि गुरें पाण्यापर्यंत पोहोंचत नाहींत.

यावर उपाय आहे, आणि तो आमच्याच माणसांनीं काढला आहे हें सांगतांना आनंद वाटतो. भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील कांहीं ढिवर सहकारी संस्थांनीं आणि ढिवर समाजाच्या बायकांनीं, भंडारा निसर्ग व संस्कृति अभ्यास मंडळ या संस्थेच्या मदतीनें, तळ्यांतली बेशरम मुळासकट उपटली, कांठ नांगरला आणि तेथें देशी पाणवनस्पति लावल्या. कोणती वनस्पति कोणत्या माशाच्या उपयोगी, हें त्या लोकांस पुस्तकावांचून ठाऊक होतें. गवत आलें तसे देशी मासे परतले आणि त्यांच्या मागोमाग पक्षीहि आले. या कामास परदेशी तज्ज्ञ लागला नाहीं. चिखलांत उतरण्यास तयार असलेली माणसें लागलीं, आणि त्यांत बायका पुढें होत्या. ज्या बाईस ग्रामसभेंत मागें बसवितात, तिनें तळें पुढें आणलें. गांवोगांवच्या पुढाऱ्यांनीं एवढी गोष्ट ध्यानांत ठेवावी.

आतां एक कडू गोष्ट. तळ्यावरून शेतकरी आणि ढिवर यांचें भांडण होतें. आश्विनांत परतीचा पाऊस दगा देतो, धान निसवतें आणि शेतकऱ्याचा जीव कासावीस होतो. तो म्हणतो, तुडुम उघडा. ढिवर म्हणतो, सगळें पाणी सोडलें तर वैशाखांत माझा मासा चिखलांत तडफडेल. दोघांचेंहि खरें आहे. दोघेहि गरीब आहेत. आणि दोघांच्या भांडणांत फायदा तिसऱ्याचा होतो. संस्थेच्या नांवानें ठेका घेऊन आपला पैसा लावणारा ठेकेदार हा तो तिसरा. कागदावर ढिवरांची सहकारी संस्था, जाळें ओढणारा ढिवर, आणि नफा भलत्याच्याच पेटींत, असा प्रकार जेथें असेल तेथें सभासदांनीं जागें व्हावें. संस्थेचें दप्तर पाहण्याचा हक्क सभासदाला आहे. अक्षर येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या आपल्या मुलीकडून तें वाचून घ्यावें.

शेतकरी-ढिवर भांडणास तोड अवघड नाहीं. तुडुमाजवळ दगडावर एक खूण करावी. त्या खुणेपर्यंत पाणी शेताचें. त्याखालचें मासळीचें, गुरांचें आणि पांखरांचें. वर्ष चांगलें असो कीं वाईट, ती खूण ओलांडावयाची नाहीं, असा ठराव गांवसभेनें दोघांस समोर बसवून करावा. ज्या ढिवराला वैशाखांत पाणी राहील अशी खात्री असेल, तो श्रावणांत पाळीवर पहारा देईल, आणि त्यामुळें शेतकऱ्याची पाळहि राखली जाईल. जातीजातींत तेढ वाढवून आपला कांहीं लाभ नाहीं. पाणी जसें कोहळ्याची जात पाहत नाहीं तसें ढिवराचीहि पाहत नाहीं.

पांखरांची व रानच्या जिवांची गोष्ट आली कीं आमचे कांहीं बंधु म्हणतात, “माणसाला खायला नाहीं आणि तुम्ही बगळ्याची चिंता करतां!” त्यांस आमचा प्रश्न असा कीं, पक्षी गेला म्हणजे तुमच्या ताटांत कांहीं वाढलें काय? ज्या पाण्यांत पक्षी राहत नाहीं, त्या पाण्यांतला मासाहि फार दिवस टिकत नाहीं, असा आमचा ढिवरच सांगतो. पाणमांजर तळ्यांत दिसलें म्हणजे मासा भरपूर आहे असें समजावें. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगांतला सर्वांत उंच पक्षी. महाराष्ट्रांत तो आज मुख्यत्वें गोंदिया जिल्ह्यांत व लगतच्या भागांत उरला आहे; अलीकडच्या मोजण्यांत त्याची संख्या तीस-चाळिसांच्या आसपास भरते. तो कोठें राहतो? तळ्यांत चरतो आणि शेतकऱ्याच्या धानाच्या बांधींत घरटें करतो. म्हणजे त्याला राखणारा खरा वनरक्षक शेतकरीच आहे. घरट्याखालचें चार हात धान सोडून देणारे शेतकरी आमच्या जिल्ह्यांत आहेत. त्यांचा सत्कार कोणी मोठ्या मंडपांत केला नाहीं, आम्ही येथें करतों. सारसाचे वैरी म्हणजे विजेच्या तारा आणि शेतांतलें विष. विषाचा डबा हातीं घेण्यापूर्वीं एवढें आठवावें कीं, बांधींतलें पाणी तळ्याकडे जातें आणि तळ्यांतला मासा आपल्याच घरीं येतो.

आपलें चुकतें तेथेंहि बोललें पाहिजे. बारीक डोळ्यांचें नायलॉनचें जाळें टाकून बोटाएवढें पोर उपसणें म्हणजे बियाणें दळून भाकरी करणें होय. असें जाळें रात्रंदिवस पाण्यांत सोडून दिलें कीं बुडी मारणारे पक्षी त्यांत गुदमरतात. दाण्यांत विष कालवून बदकें मारणें हा तर गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें त्यास शिक्षा आहे. चार रुपयांसाठीं शहरच्या खवय्याला बदक पुरवावयाचें आणि तुरुंगांत मात्र आपण जावयाचें, हा व्यवहार शहाणपणाचा नाहीं. वीण चालू असतां, म्हणजे आषाढ-श्रावणांत, मासेमारी बंद ठेवावी. ही बंदी सरकारनें सांगण्याची वाट पाहूं नये, संस्थेनेंच ती पाळावी.

राहिले शहरचे पाहुणे. करमणूक हें पाप नव्हे. गिरणींत, कचेरींत, दुकानांत सहा दिवस राबलेल्या माणसानें सातव्या दिवशीं मुलाबाळांना घेऊन पाण्याकांठीं बसावें, हें आम्हांस आवडतें. आमच्या कुणब्याच्या व विणकराच्या पोरांनींहि यावें, गळ टाकावा, पक्ष्यांचीं नांवें शिकावींत. वनखात्यांत नोकरी करून पुढें नामांकित लेखक झालेले मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) हे नवेगांवबांधाच्या रानांत राहिले, आणि तेथल्या साध्या लोकांपाशीं असलेलें पांखरांचें व झाडांचें ज्ञान त्यांनीं आपल्या पुस्तकांत आणलें. पाहुणा असा यावा, शिकावयास यावा. परंतु दारूच्या बाटल्या कांठावर फोडणारा, गाणें वाजवून बदकें उठविणारा, थव्याच्या मध्यें मोटारीची नाव घुसविणारा पाहुणा आम्हांस नको. हजारों मैलांवरून आलेलें पांखरूं येथें विसांवा घ्यावयास येतें. त्याला दर घटकेस उडविलें तर परतीच्या प्रवासास त्याच्या अंगीं बळ राहत नाहीं. आणि फुटलेल्या बाटलीची कांच पर्यटकाच्या बुटाला लागत नाहीं, ती ढिवराच्या अनवाणी पायांत जाते.

पाहुण्याच्या येण्यानें तळ्याकांठच्या माणसाचें भलें कसें होतें, याचें उदाहरण पश्चिमेकडे आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें, त्यांत गांवें व शेतें बुडालीं. त्या पाण्यावर भिगवणच्या बाजूस हिंवाळ्यांत रोहित पक्षी येऊं लागले, आणि तेथले मासेमारी करणारे लोक आपल्याच नावांतून पाहुण्यांना पक्षी दाखवूं लागले. सकाळीं पाहुणे, एरव्हीं जाळें. ज्याला पक्ष्यामुळें दोन पैसे मिळतात, तो पक्ष्याला दगड मारूं देत नाहीं. हा नियम आमच्या तळ्यांवर लागू करण्यास काय हरकत आहे? नाव ढिवराची असावी, वाट दाखविणारा गांवचा असावा, भाकरी गांवच्या बाईच्या हातची असावी. बाहेरच्या भांडवलवाल्यास तळें ठेक्यानें देऊन कांठावर खानावळी व बंगले उठविणें, आणि ढिवराला त्याच कांठावर चौकीदार नेमणें, ही प्रगति नव्हे.

कायद्याचें काय? पेंच नदीवरील तोतलाडोह जलाशयाचा खटला सर्वोच्च न्यायालयांत गेला होता. जंगल राखीव झाल्यामुळें ज्यांचे जुने हक्क गेले त्या आदिवासींना मध्यप्रदेश सरकारनें ३०५ परवाने मासेमारीसाठीं दिले होते. वन्यजीवांच्या रक्षणार्थ त्यास हरकत घेण्यांत आली. १९९७ सालीं न्यायालयानें परवाने मोडले नाहींत, पण अटी घातल्या. ओळखपत्र बाळगावें, ठरलेल्या वाटेनेंच जावें, कांठावर चूल पेटवूं नये, कचरा टाकूं नये, अशा त्या अटी. अटी योग्य होत्या. आमचें म्हणणें एवढेंच कीं, पोटासाठीं मासा धरणाऱ्यास ज्या अटी, त्याच अटी मौजेसाठीं येणाऱ्यासहि असाव्यात. चूल एकाची विझवावयाची आणि दुसऱ्याची शेकोटी पेटूं द्यावयाची, हा न्याय होत नाहीं.

पाणथळ जागांच्या रक्षणाचे नियम केंद्र सरकारनें २०१७ सालीं नव्यानें केले. त्यांतून सिंचनासाठीं, पिण्याच्या पाण्यासाठीं, मत्स्यशेतीसाठीं किंवा करमणुकीसाठीं मुद्दाम बांधलेलीं तळीं वगळण्यांत आलीं. म्हणजे निसर्गानें केलेलें तळें राखावयाचें, आणि कोहळ्यानें दोन-तीन शतकांपूर्वी बांधलेलें, ज्यांत आज सारस चरतो, तें या नियमांच्या बाहेर! सारसाला हा भेद कोणी समजावून सांगावा? उलट २००६ चा वनहक्क कायदा आमच्या बाजूचा आहे. वनांत राहणाऱ्या आदिवासींचा व इतर परंपरागत वननिवासींचा मासे व जलाशयांतील इतर उत्पन्नावरील सामूहिक हक्क त्यानें मान्य केला आहे. ढिवर हे अनुसूचित जमातींत मोडत नसल्यामुळें त्यांना तीन पिढ्यांच्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षांच्या, वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. जुनीं निस्तारपत्रकें, घरांतले दाखले, म्हाताऱ्यांचे जबाब जपून ठेवा. तो कागद मोलाचा आहे. अनुसूचित क्षेत्रांतील गांवांसाठीं तर १९९६ च्या कायद्यानें लहान जलाशयांचें नियोजन व व्यवस्था पंचायतींकडे सोंपविली आहे. हक्क आहे, पण तो मागावयास उठलें पाहिजे.

आमच्या चळवळीस तळ्याचा धडा नवा नाहीं. १९२३ सालीं मुंबई कायदेकौन्सिलांत रावबहादुर सी. के. बोले यांनीं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत असा ठराव मंजूर करवून घेतला. तरी ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों माणसांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हां कागदाला जीव आला. गुराढोरांना जें पाणी मोकळें, तें माणसाला बंद, या अन्यायावर तो घाव होता. तळें हें सर्वांचें आहे, हा निकाल त्या दिवशीं लोकांनीं दिला. आतां सर्वांचें म्हणजे कोणाचेंच नाहीं, असा त्याचा अर्थ होऊं न देणें हें आपलें काम आहे.

म्हणून सरकारास आमचें सांगणें असें. एका तळ्याला एक समिति असावी, आणि तींत पाणी घेणारे शेतकरी, मासे धरणारे ढिवर व गांवच्या बायका यांचें बहुमत असावें. खात्यांनीं सल्ला द्यावा. ठेका लिलावानें न देतां खऱ्या मासेमारांच्या संस्थेस द्यावा. देशी माशांचें बीं वाढविण्यास मदत करावी. पाहुण्यांकडून घेतलेला पैसा त्याच तळ्याच्या पाळीवर खर्च व्हावा. माजी मालगुजारी तळीं पाणथळ म्हणून राखण्याची सोय राज्यानें करावी, पण ती राखण ढिवराला हांकलून नव्हे, त्यालाच राखणदार करून.

आणि वाचकहो, तुम्हांस सांगणें त्याहून थोडें आहे. येत्या उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं एक दिवस ठरवा. घरटीं एक माणूस व एक फावडें घेऊन पाळीवर या. शेतकऱ्यानें माती टाकावी, ढिवरानें बेशरम उपटावी, शाळेच्या पोरांनीं कांचा व प्लॅस्टिक वेंचावें, आणि दुपारीं सर्वांनीं एका पंगतीस बसून जेवावें. साहेब येईल, मग करूं, असें म्हणत बसलांत तर साहेबाची बदली होईल आणि गाळ तेथेंच राहील. ज्यांनीं तळें बांधलें ते कोणाची वाट पाहत बसले नव्हते. तळें राखा, म्हणजे पाणी चाखण्याचा तुमचा हक्क कोणास नाकारतां येणार नाहीं.